व्हीलचेअर शिकताना व्हीआर सिम्युलेटर कसा वापरायचा: खान्देशातल्या नवशिक्यांसाठी

२०११ च्या मे महिन्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपलो होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात सगळेच झोपतात. रात्री पाणी प्यायला उठलो, कठड्याचा अंदाज चुकला आणि खाली अंगणात पडलो. कमरेखालची संवेदना तेव्हाच गेली. दवाखान्यातून सुटी मिळाली तेव्हा एक व्हीलचेअर गाडीच्या टपावर बांधून दिली, पण ती चालवायची कशी हे कोणीच सांगितलं नाही. पहिल्याच आठवड्यात ओट्याच्या उतारावर मागे उलटलो आणि डोकं फरशीवर आपटलं. पुढचे चार महिने खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली होती आणि मी खाटेवर होतो.

हे सांगायचं कारण असं, की नव्या माणसाला खुर्चीपासून दूर ठेवते ती भीती. हाताची ताकद महिन्या-दोन महिन्यांत येते, भीती आपणहून जात नाही. व्हीआर सिम्युलेटर, म्हणजे डोळ्यांवर लावायच्या हेडसेटमध्ये (आम्ही त्याला चष्माच म्हणतो) किंवा संगणकाच्या पडद्यावर दिसणारी खोटी खोली, खोटा रस्ता आणि खोटी खुर्ची, या भीतीवर फार चांगलं काम करतो. तिथे भिंतीला धडकलं तरी काही लागत नाही, आणि दहादा धडकल्यावर अकराव्यांदा माणूस आपोआप आधी थांबतो. गेली काही वर्षं मी चोपडा, यावल, रावेर भागात नवीन खुर्ची मिळालेल्या लोकांकडे जातो. भाच्यानं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना एक साधा सिम्युलेटर बनवून दिला, तो सोबत नेतो. त्या अनुभवावरून लिहितोय.

एक नियम आधीच सांगतो, बाकी सगळं त्याच्याभोवती आहे. हेडसेटमध्ये शिकलेला धडा त्याच दिवशी जमिनीवर करायचा. दहा मिनिटं चष्म्यात, मग विश्रांती, मग तेवढाच धडा अंगणात. चष्म्यातला दरवाजा जमला म्हणून खुश होऊन आठवडाभर चष्म्यातच राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. घरचा दरवाजा त्यांना पहिल्या दिवसाइतकाच अवघड गेला.

आधी खुर्ची, मग चष्मा

खुर्ची मापाची नसेल तर सिम्युलेटर काय शिकवणार? बसल्यावर मांडीच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा असावी, त्याहून जास्त नको. हात खांद्यातून सरळ खाली सोडला की बोटांची टोकं मोठ्या चाकाच्या मध्याशी यायला हवीत. चाकाच्या कडीवर, म्हणजे हातानं ढकलायच्या कड्यावर, अगदी वर हात ठेवला तर कोपर काटकोनापेक्षा थोडा जास्त उघडा राहतो, साधारण १०० ते १२० अंश. खुर्ची फार रुंद असेल तर कोपरं बाहेर फाकतात आणि खांदे दुखायला लागतात. हातानं खुर्ची चालवणाऱ्यांचं सगळ्यात मोठं दुखणं खांद्याचंच आहे, आणि ते बऱ्याचदा या पहिल्या चुकीतून सुरू होतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये व्हीलचेअरबद्दल नवीन मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात चार टप्पे सांगितलेत: योग्य खुर्ची निवडणं, ती मापाला बसवणं, शिकवणं आणि नंतर विचारपूस करत राहणं. आपल्याकडे खुर्ची वाटपाच्या शिबिरात बहुतेक वेळा पहिल्याच टप्प्यावर फोटो निघतो आणि गाडी पुढच्या गावाला जाते. म्हणून बाकीचे तीन टप्पे आपल्यालाच करावे लागतात.

कोणत्या लोकांनी लगेच हेडसेट लावू नये

फिट येत असतील, डोक्याला मार लागलेला असेल, पेसमेकर किंवा मेंदूतलं पाणी काढणारी शंट बसवलेली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. हेडसेटमध्ये लोहचुंबक असतात. मानेचा मणका अजून पक्का झाला नसेल तर हेडसेटचं वजनही नको. अशांनी संगणकाच्या पडद्यावर शिकावं, त्यात काही कमीपणा नाही. लहान मुलांसाठी कंपनीनं डब्यावर वयाची अट लिहिलेली असते, ती पाळा.

ज्यांचा मणका छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर दुखावलेला आहे, त्यांनी पुढचं नीट वाचा. लघवीची नळी दबली, पिशवी भरली, पोट साफ नसलं किंवा कुठे काही टोचलं, तर अशा माणसाचा रक्तदाब एकदम चढू शकतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, वरच्या अंगाला घाम सुटतो. हेडसेट लावलेला असताना असं झालं तर सगळ्यांना वाटतं की चष्म्यानं गरगरलं. तसं समजून वेळ घालवू नका. हेडसेट काढा, माणसाला ताठ बसवा, पट्टे आणि कपडे सैल करा, नळी-पिशवी बघा. लगेच फरक पडला नाही तर सरळ दवाखाना गाठा, हे जिवावर बेतू शकतं. म्हणून माझ्याकडे सरावाला बसण्याआधी पिशवी रिकामी करायची आणि नळीला कुठे पीळ नाही ना ते बघायचं, हा पहिला नियम आहे.

सामान काय लागतं

सगळ्यात स्वस्त मार्ग साधा संगणक आणि यूएसबीची जॉयस्टिक. बॅटरीची खुर्ची शिकायची असेल तर हा मार्ग चांगलाच पुरतो, कारण खऱ्या खुर्चीतही हाताला जॉयस्टिकच असते. त्यामुळे हाताची सवय तशीच उतरते. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी बॅटरीच्या खुर्चीसाठी सिम्युलेटर बनवून तो रुग्णांवर तपासलाय. फ्रान्समधल्या रेन शहरातही अशा खुर्च्यांवर बरंच काम झालंय. म्हणजे हा पोरांचा खेळ म्हणून सोडून देण्याचा विषय नाही.

दुसरा मार्ग मोबाईल आत सरकवायचा पुठ्ठ्याचा किंवा प्लास्टिकचा चष्मा. मोबाईलमध्ये जायरोस्कोप नसेल तर मान वळवली तरी चित्र वळत नाही, आणि स्वस्त मोबाईलमध्ये तो बऱ्याचदा नसतो. असला तरी हा चष्मा फक्त मान फिरलेली ओळखतो, माणूस पुढे झुकला तर त्याला कळत नाही. रस्ता बघून ठेवायला ठीक, खुर्ची चालवायला नाही.

तिसरा मार्ग स्वतःच चालणारा हेडसेट. त्यात बॅटरी असते, साधारण दोन-तीन तास चालते, त्यामुळे लाइट गेली तरी धडा पूर्ण होतो. एक काळजी मात्र आपल्या भागात फार घ्यायची आहे: हेडसेट उन्हात कधीही ठेवू नका. भिंगातून ऊन आत गेलं की भिंगानं कागद जाळावा तसा आतला पडदा जळतो, तोही मिनिटभरात. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा बंद गाडीतही तो ठेवू नका.

चौथा प्रकार मोठ्या संस्थांतला. स्वतःची खुर्ची रोलरवर चढवायची, दोन्ही चाकं वेगवेगळ्या रोलरवर फिरतात. प्रत्येक रोलरला फिरणं मोजणारा सेन्सर असतो, म्हणून डावं चाक जास्त फिरलं तर पडद्यावरची खुर्ची उजवीकडे वळते. चांगल्या यंत्रात मोटार असते, चढ आला की ती चाकाला अडवते आणि दंडाला तो चढ जाणवतो. धुळे, जळगाव, शिरपूरच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना शेवटच्या वर्षाचा प्रकल्प शोधायचा असेल तर हा घ्या. दोन लोखंडी रोलर, दोन रोटरी एन्कोडर, एक आर्डुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये उभं केलेलं गाव. रोलरला वजनदार चकती लावायला विसरू नका. नुसता हलका रोलर असेल तर हात सुटला की चाक लगेच थांबतं. खरी खुर्ची माणसाच्या वजनानं पुढे घरंगळत राहते, आणि नवशिक्या फसतो तो तिथेच.

बैठक लावणं

खोली सावलीची, पण अंधारी नको. हेडसेटचे कॅमेरे खोली बघून आपली जागा ओळखतात, अंधारात ते गोंधळतात. खुर्ची खोलीच्या मध्ये घ्या, ब्रेक लावा, पट्टा बांधा. मागे न उलटण्याची छोटी चाकं असतील तर ती खाली करा. हेडसेटमध्ये बसून वापरायची सोय निवडा आणि डोळ्यांची उंची बसूनच नोंदवा. उभ्या माणसाची उंची राहिली तर सगळे दरवाजे खुजे दिसतात आणि अंदाज पहिल्या दिवसापासून बिघडतो. मी हे एकदा विसरलो होतो. वाघोद्याच्या एका काकांनी तीन दिवस खोट्या उंचीवर सराव केला आणि खऱ्या उंबऱ्यापाशी आल्यावर त्यांना सगळं परकं वाटलं.

आतलं चित्र टीव्हीवर किंवा मोबाईलवर दाखवायची सोय सुरू करा. शेजारी बसलेल्याला काय दिसतंय ते कळलं नाही तर तो मदत करू शकत नाही. मेनू इंग्रजीत असतात, म्हणून पहिले काही दिवस घरातल्या शाळकरी पोरीला किंवा पोराला हाताशी घ्या. आणि पंखा चेहऱ्यावर येईल असा ठेवा. वरच्या मणक्याला इजा झालेल्यांना इजेखाली घाम येत नाही, अंग तापत जातं आणि कळत नाही. त्यात चेहऱ्यावर हेडसेट. एप्रिल-मे मध्ये सराव सकाळी आठच्या आत संपवा.

मोबाईलवर गजर लावा. वीस मिनिटं झाली की हेडसेट काढून बूड उचलायचं, किंवा पुढे ओणवं होऊन मिनिट-दोन मिनिटं थांबायचं. चष्म्यात वेळ कसा जातो कळत नाही, आणि बुडाला संवेदना नसेल तर दाबही कळत नाही. दाबाची एक जखम म्हणजे कित्येक महिने पालथं झोपणं. मी ते भोगलंय, म्हणून गजराशिवाय कोणालाही बसू देत नाही.

पहिले दिवस: सोडायला शिका

पहिल्या दिवशी पाच मिनिटं पुरे. मोकळं मैदान निवडा, वेग सगळ्यात कमी ठेवा. बॅटरीच्या खुर्चीत पहिला धडा पुढे जाण्याचा नसतो, जॉयस्टिक सोडण्याचा असतो. घाबरलेला माणूस हातात असेल ते घट्ट धरतो, आणि जॉयस्टिक घट्ट धरली की खुर्ची पळतच राहते. सोडली की थांबते. हे तोंडानं शंभरदा सांगून उपयोग नाही, हाताला कळायला हवं. म्हणून शेजारच्यानं मध्येच ‘सोड’ म्हणायचं आणि बसलेल्यानं हात उघडायचा. रोज वीसदा. यावलकडच्या एका आजीबाई पहिल्या दिवशी म्हणत होत्या, ‘भाऊ, मना हात थरथरतस.’ चौथ्या दिवशी त्या नातवाच्या ‘सोड’च्या आधीच सोडत होत्या. त्याच संध्याकाळी त्यांना खऱ्या खुर्चीत बसवलं.

सोडणं जमलं की सरळ रेष, मग खुणेवर थांबणं, मग मागे येणं. मागे येताना मान वळवून बघायची सवय चष्म्यातच लावा. खेळाच्या नादात माणसं समोर बघत मागे येतात, आणि खऱ्या गल्लीत मागे म्हैस बांधलेली असते.

मग दरवाजा. यावर सगळ्यात जास्त दिवस घालवा, माझ्या मते निम्मा वेळ. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांचे दरवाजे अरुंद असतात, आणि नेहमीची खुर्ची बाहेरून बाहेर सव्वादोन फुटांच्या आसपास भरते. म्हणजे दोन्ही बाजूंना बोटंच उरतात. आधी घरातला प्रत्येक दरवाजा टेपनं मोजा, मोरीचा विसरू नका. सिम्युलेटरमध्ये दाराची रुंदी बदलता येत असेल तर सुरुवात चार फुटांवरून करा आणि रोज थोडी कमी करत स्वतःच्या घराच्या मापाला या. वळण घेऊन दारात शिरायचं असेल तर घाई करू नका. खुर्ची मोठ्या चाकांच्या आसाभोवती फिरते. मोठं चाक कोपऱ्याशी आल्यावर वळा. पाय दिसले की वळायचा मोह होतो, आणि मग मागचं चाक चौकटीला अडकतं.

हातानं चालवायची खुर्ची असेल तर

इथे मला स्पष्ट सांगायला हवं. रोलर नसेल तर हेडसेट तुम्हाला ढकलणं शिकवू शकत नाही. हातातले कंट्रोलर पुढे-मागे हलवून खुर्ची चालवायचे खेळ आहेत, पण त्यात कडीची पकड नाही, वजन नाही, घरंगळणं नाही. त्यांचा उपयोग रस्ता वाचायला, कोपरा ओळखायला आणि गर्दीत थांबायला करा.

ढकलणं अंगणात शिका. घड्याळाचा काटा डोळ्यांसमोर आणा: अकरावर हात लावा, दोनपर्यंत लांब ढकला, मग हात सैल सोडून कडीच्या खालून मागे आणा. छोटे छोटे झटके देत गेलात तर खांदे लवकर जातात. थांबताना कडी गपकन धरू नका, तळव्यातून सरकू द्या. चढावर छाती पुढे, उतारावर पाठ मागे. मी २०११ ला ओट्यावर उलटलो ते एवढंच माहीत नव्हतं म्हणून. दुपारी कडी तव्यासारखी तापते, म्हणून हातमोजे ठेवा.

पुढची छोटी चाकं उचलून उंबरा चढण्याचं कसब मात्र चष्म्यात मुळीच करू नका. तो तोल पाठीत आणि पोटात असतो, डोळ्यांत नसतो. मागे एक तगडा माणूस, खुर्चीला पट्टा, खाली गादी, आणि शक्यतो फिजिओ हजर. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठाचा व्हीलचेअर स्किल्स प्रोग्रॅम इंटरनेटवर मोफत मिळतो. त्यात मागे उभ्या राहणाऱ्यानं कुठे उभं राहायचं, पट्टा कसा धरायचा, हेही दाखवलंय. इंग्रजी येणाऱ्याकडून समजून घ्या.

गरगरलं तर

डोळे सांगतात आपण चाललोय, कानातलं तोलाचं इंद्रिय सांगतं आपण बसलोय. या भांडणातून मळमळ येते. जोर लावून ‘सवय होईल’ म्हणत बसलात तर ती वाढते. जरा घाम किंवा जांभया सुरू झाल्या की थांबा. उद्या पुन्हा पाच मिनिटं. वळणं टप्प्याटप्प्यानं घेण्याची सोय असेल तर ती निवडा. आणि हेडसेट काढल्यावर वीस मिनिटं तरी खरी खुर्ची हलवू नका, कारण तोल जागेवर यायला वेळ लागतो. तेवढ्यात चहा होतो.

आपलं गाव चष्म्यात आणा

तयार सिम्युलेटरमध्ये मॉल असतो, गुळगुळीत फुटपाथ असतो, लिफ्ट असते. आपल्या गल्लीत गटारीवरचा उचकटलेला ढापा असतो, घराघरापुढचे स्पीडब्रेकर असतात, केळीच्या ट्रकनं खचवलेली कड असते. यावर मला सापडलेला मार्ग असा. ३६० अंशांचा कॅमेरा कोणाकडून मिळाला तर काठीला बांधून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, साधारण पावणेचार फुटांवर धरा, आणि घरापासून ग्रामपंचायतीपर्यंत, रेशन दुकानापर्यंत, बस स्टँडपर्यंत हळू चालत चित्रण करा. मग खुर्चीवरच्या माणसाला ते हेडसेटमध्ये दाखवा आणि प्रत्येक अडचणीला थांबवून विचारा: इथून कसा जाशील? कोणाला हाक मारशील? इथं मागे फिरावं लागलं तर जागा आहे का? दोन-तीन वेळा असं बघितलेला माणूस रस्त्यावर उतरतो तेव्हा त्याला रस्ता ओळखीचा वाटतो.

पावसाळा चष्म्यात येत नाही. काळी माती चाकाला चिकटते, छोटी चाकं रुततात आणि माणूस पुढे फेकला जातो. ओल्या मातीतून जायचंच असेल तर खुर्ची उलटी फिरवून मोठी चाकं पुढे घ्या आणि मागच्यानं ओढत न्यावं. सुक्या दिवसांत रान कोरडं असताना याचा सराव करून ठेवा.

घरच्यांना आणि गवंड्याला बसवा

शेवटचा टप्पा बहुतेक जण सोडून देतात. घरातल्या प्रत्येकाला एकदा खुर्चीत बसवून हेडसेट लावा आणि उतार चढायला सांगा. माझ्या आईला तो दाखवला त्या दिवसापासून तिनं मला न सांगता मागून ढकलणं बंद केलं. सरपंच, ग्रामसेवक आले तर त्यांनाही बसवा. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, रॅम्प त्यातून मागता येतो. त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा.

आणि रॅम्प बांधणाऱ्या गवंड्याला सिमेंट कालवायच्या आधी बसवा. सिम्युलेटरमध्ये दोन उतार करून ठेवा: एक नेहमी बांधतात तसा, चार फुटांत एक फूट चढणारा, दुसरा सरकारी मापाचा, एकास बारा. पहिल्यावर त्याची खुर्ची मागे येईल, दुसऱ्यावर वर जाईल. मग त्याच्या हातात टेप द्या. ओटा दोन फूट उंच असेल तर रॅम्प चोवीस फूट लागतो. एवढं अंगण नसेल तर मध्ये पाच फुटांचा सपाट चौथरा करून वळवून घ्यायचा. जमिनीवर चुन्यानं आखून घ्या, खुर्ची त्या आखणीवरून एकदा फिरवून बघा, वळणावर चाक रेषेबाहेर जातंय का ते तपासा, आणि मगच वीट लावू द्या.